वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये रक्ताची आणि लग्नाची नाती: नोंद कशी करावी, उत्तर कसे वाचावे

वंशावळ ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपण फक्त दोन प्रकारचे दुवे भरतो: कोण कोणाचे अपत्य आहे, आणि कोणाची जोडी कोणाशी आहे. काका, जाऊ, मावसभाऊ, नातसून ही सारी नाती सॉफ्टवेअर या दोन दुव्यांवरून प्रत्येक वेळी नव्याने हिशेब करून काढते. म्हणूनच पडद्यावर नाते विचित्र दिसले, तर त्याची कारणे दोनच असू शकतात. एकतर आपण भरलेला एखादा दुवा चुकलेला असतो, किंवा दुवे बरोबर असून ज्या भाषेत उत्तर दाखवले आहे त्या भाषेत आपल्याला हवा असलेला भेदच नसतो. पहिल्या प्रकारात नोंद दुरुस्त करावी लागते. दुसऱ्या प्रकारात नोंदीला हात न लावता उत्तर वेगळ्या रीतीने वाचावे लागते. हे दोन प्रकार एकमेकांत मिसळले की लोक बरोबर असलेली नोंद 'दुरुस्त' करून बिघडवतात, आणि तसे होऊ नये यासाठी हिशेबाची रीत आधी समजून घेतलेली बरी.

पुढची उदाहरणे प्रामुख्याने ग्रॅम्प्स या सॉफ्टवेअरला धरून आहेत. ते मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, २००१ पासून विकसित होत आले आहे, आणि त्याचा नाते काढण्याचा भाग कसा चालतो हे कोणालाही उघडून पाहता येते. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणांची नावे वेगळी असली तरी आतला हिशेब बहुतांशी हाच असतो, कारण त्यांच्यात माहितीची देवाणघेवाण ज्या नमुन्यात होते तो गेडकॉम हा नमुनाच तसा रचलेला आहे. लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती पंथसंस्थेने १९८४ मध्ये आणलेल्या या नमुन्यात व्यक्तीची एक नोंद असते आणि कुटुंबाची एक नोंद असते. कुटुंबाच्या नोंदीत पती, पत्नी आणि त्यांची अपत्ये येतात. 'चुलता' किंवा 'नणंद' यांना त्यात स्वतंत्र स्थान नाही.

सरावासाठी पेशव्यांचे घराणे

स्वतःच्या घराण्याची माहिती भरण्याआधी एखादे असे घराणे भरून पाहावे, की ज्यातली नाती आपल्याला आधीच पक्की ठाऊक आहेत. मराठी वाचकासाठी पेशव्यांचे भट घराणे याहून सोयीचे दुसरे नाही. त्यात सख्खे भाऊ आहेत, सावत्र भाऊ आहे, चुलत शाखा आहे, दत्तक आहेत, आणि सोयरिकीने जोडलेली रास्ते, घोरपडे, जोशी ही घराणीही आहेत.

मुळाशी बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांची कुटुंब-नोंद करावी. त्यांची अपत्ये म्हणून पहिले बाजीराव, चिमाजी अप्पा, भिऊबाई आणि अनुबाई यांना जोडावे. बाजीरावांच्या मात्र दोन वेगळ्या कुटुंब-नोंदी हव्यात. काशीबाईंसोबतच्या नोंदीत नानासाहेब (१७२०–१७६१) आणि रघुनाथराव (१७३४–१७८३) येतील. मस्तानीसोबतच्या नोंदीत शमशेरबहाद्दर येतील. चिमाजी अप्पा आणि रखमाबाई यांचे पुत्र सदाशिवराव. नानासाहेब आणि गोपिकाबाई यांचे पुत्र विश्वासराव, माधवराव आणि नारायणराव. नारायणराव आणि गंगाबाई यांचे पुत्र सवाई माधवराव. रघुनाथराव आणि आनंदीबाई यांचे पुत्र दुसरे बाजीराव.

इथे पहिली अडचण लगेच समोर येते. आधीच्या पिढीतल्या माणसाचे नाव मुलाला ठेवण्याची आपली पद्धत असल्यामुळे या एका घराण्यात बाजीराव दोन आहेत, माधवराव दोन आहेत, चिमाजी अप्पा दोन आहेत आणि नानासाहेबही दोन आहेत. अपत्य जोडताना सॉफ्टवेअर नावांची यादी पुढे करते आणि घाईत भलताच बाजीराव निवडला जातो. निवड करताना नावावर विसंबू नये. सॉफ्टवेअरने प्रत्येक व्यक्तीला दिलेला क्रमांक आणि जन्मवर्ष पाहावे. जन्मवर्ष माहीत नसेल तर अंदाजे वर्ष 'सुमारे' असे नमूद करून भरावे, कारण रिकाम्या रकान्यापेक्षा ढोबळ वर्षही ओळख पटवायला उपयोगी पडते.

रक्ताचे नाते दोन आकड्यांत

माहिती भरून झाली की एका व्यक्तीला मूळ व्यक्ती ठरवावे. ग्रॅम्प्समध्ये ही सोय संपादनाच्या यादीत आहे, आणि त्यानंतर ज्या व्यक्तीवर आपण जातो तिचे मूळ व्यक्तीशी असलेले नाते खिडकीच्या तळाशी दिसते. कोणत्याही दोन व्यक्तींमधले नाते पाहायचे असेल तर साधनांच्या यादीत रिलेशनशिप कॅल्क्युलेटर आहे.

रक्ताचे नाते काढताना सॉफ्टवेअर दोन्ही व्यक्तींपासून वर चढत जाते आणि दोघांचा सर्वांत जवळचा सामाईक पूर्वज शोधते. मग ते दोन आकडे मांडते: मूळ व्यक्तीपासून त्या पूर्वजापर्यंत किती पायऱ्या, आणि समोरच्या व्यक्तीपासून किती. एक आणि शून्य म्हणजे आईवडील. दोन आणि शून्य म्हणजे आजीआजोबा. एक आणि एक म्हणजे भावंडे. दोन आणि एक म्हणजे आईवडिलांची भावंडे, आणि एक आणि दोन म्हणजे भावंडांची मुले. दोन आणि दोन म्हणजे चुलत, आते, मामे, मावस भावंडे. रक्ताच्या कोणत्याही नात्याचा सांगाडा या दोन आकड्यांत मावतो.

सवाई माधवरावांना मूळ व्यक्ती ठरवून दुसऱ्या बाजीरावांशी त्यांचे नाते काढून पाहावे. सवाई माधवरावांपासून वर जाताना नारायणराव, नानासाहेब आणि पहिले बाजीराव अशा तीन पायऱ्या होतात. दुसऱ्या बाजीरावांपासून रघुनाथराव आणि पहिले बाजीराव अशा दोनच होतात. इथे सर्व पायऱ्या वडिलांकडच्या असल्यामुळे तीन आणि दोन या जोडीला मराठीत चुलत काका म्हणतात. आता जन्मतारखा पाहाव्यात. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा आणि दुसऱ्या बाजीरावांचा १० जानेवारी १७७५ चा, म्हणजे काका पुतण्यापेक्षा जवळजवळ नऊ महिन्यांनी लहान. पुष्कळ जण अशा ठिकाणी पिढी चुकली असे समजून दुवे हलवतात. सॉफ्टवेअर नाते काढताना वयाचा विचारच करत नाही. ते पायऱ्या मोजते. वयाचे आणि पिढीचे गणित जुळत नाही असे दिसले तर पायऱ्या बोटावर मोजून पाहाव्यात, आणि त्या बरोबर असतील तर नोंद तशीच राहू द्यावी.

इंग्रजी उत्तरातला 'रिमूव्ह्ड' हा शब्द अनेकांना गोंधळात टाकतो. तो दोन आकड्यांमधला फरक सांगतो, एवढेच. तीन आणि दोन असेल तर फरक एकाचा, म्हणजे 'फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड'. यातला 'फर्स्ट' लहान आकड्यातून एक वजा करून येतो. मात्र नुसत्या या शब्दांवरून समोरचा माणूस आपल्या वरच्या पिढीतला आहे की खालच्या, हे कळत नाही, कारण सवाई माधवरावांना दुसरे बाजीराव आणि दुसऱ्या बाजीरावांना सवाई माधवराव यांच्यासाठी हेच शब्द लागतात. माझ्या मते मराठी माणसाने हे शब्द पाठ करण्यापेक्षा आकड्यांची जोडी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

मराठी नाव कोठून आणावे

मराठी नात्याला आकड्यांखेरीज आणखी माहिती लागते, आणि ती सॉफ्टवेअरकडे असतेच; फक्त इंग्रजी उत्तरात ती दिसत नाही. दोन आणि एक ही जोडी घ्यावी. थोरल्या माधवरावांना मूळ व्यक्ती केल्यास रघुनाथराव आणि मल्हारराव रास्ते या दोघांपुढे 'अंकल' हेच उत्तर येईल. रघुनाथराव वडिलांचे भाऊ, म्हणून काका. मल्हारराव गोपिकाबाईंचे भाऊ, म्हणून मामा. हा भेद ठरवायला दोन प्रश्न पुरतात. मूळ व्यक्तीपासून वर जाणारी पहिली पायरी वडिलांची की आईची, आणि समोरची व्यक्ती पुरुष की स्त्री. वडील आणि पुरुष असे उत्तर आले तर काका, वडील आणि स्त्री असे आले तर आत्या, आई आणि पुरुष तर मामा, आई आणि स्त्री तर मावशी. ग्रॅम्प्स आतमध्ये प्रत्येक पायरीसाठी एक अक्षर ठेवते, वडिलांसाठी 'एफ' आणि आईसाठी 'एम', त्यामुळे मार्ग पाहिला की पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते.

दोन आणि दोन या जोडीत पहिली पायरी तशीच पाहावी, पण दुसरा प्रश्न समोरच्या व्यक्तीविषयी नसतो. तिच्या ज्या पालकातून नाते येते तो पालक पुरुष आहे की स्त्री, हा असतो. नानासाहेबांना सदाशिवराव हे चुलतभाऊ, कारण दोन्ही बाजूंनी वडील आहेत. अनुबाईंचे पुत्र नारायणराव घोरपडे हे नानासाहेबांचे आतेभाऊ. उलट बाजूने पाहिले तर नानासाहेब हे नारायणराव घोरपड्यांचे मामेभाऊ. चुलत आणि मावस ही नाती दोन्ही बाजूंनी सारखीच म्हटली जातात, आते आणि मामे ही मात्र एकमेकांची उलट बाजू असतात. म्हणून मूळ व्यक्ती बदलली की मराठी नाव पुन्हा नव्याने काढावे लागते, इंग्रजी उत्तर मात्र जागचे हलत नाही.

सर्वांत जास्त चुका एक आणि दोन या जोडीत होतात, कारण इथे बोलणारी व्यक्ती कोण आहे हेही पाहावे लागते. चिमाजी अप्पांना नानासाहेब भावाचा मुलगा लागतो, म्हणून पुतण्या. अनुबाईंनाही नानासाहेब भावाचाच मुलगा लागतो, पण त्या आत्या असल्यामुळे त्यांना तो भाचा. आकडे तेच, मधला भाऊ तोच, समोरची व्यक्तीही तीच; बदलले ते फक्त मूळ व्यक्तीचे लिंग. बहुतेक सॉफ्टवेअर नाव ठरवताना समोरच्या व्यक्तीचेच लिंग पाहते, मूळ व्यक्तीचे पाहत नाही, त्यामुळे मराठी नाव आपोआप यावे अशी व्यवस्था कोणी करत असेल तर ही अट त्यात आठवणीने घालावी.

तशी व्यवस्था करणे अशक्य नाही. ग्रॅम्प्समध्ये नात्यांची नावे तयार करणारा भाग प्रत्येक भाषेसाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या वेगळ्या फाइलीत लिहिता येतो, आणि जर्मन, फ्रेंच, रशियन, पोलिश अशा भाषांसाठी तो लिहिलेला आहे. प्रोग्रॅमिंग येणाऱ्याने त्यातली एखादी फाइल नमुन्यादाखल पाहून मराठी नियम बसवावेत. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आकड्यांची जोडी, पहिली पायरी आणि लिंग यांचा एक लहान तक्ता कागदावर करून संगणकाशेजारी ठेवावा. घरगुती वंशावळीला तेवढे पुरते. एक गोष्ट मात्र टाळावी: व्यक्तीच्या नावाच्या रकान्यात 'अनुआत्या' किंवा 'बाळूमामा' असे लिहू नये. आपली आत्या ही दुसऱ्या कोणाची तरी आजी असते, आणि मूळ व्यक्ती बदलली की ते नाव खोटे ठरते. घरात रूढ असलेले नाव टोपणनावाच्या रकान्यात खुशाल ठेवावे.

सख्खे, सावत्र आणि दत्तक

दोन भावंडे सख्खी की सावत्र हे सॉफ्टवेअर आईवडिलांच्या दुव्यांवरून ठरवते. नानासाहेब आणि शमशेरबहाद्दर यांचे वडील एक आणि आया वेगळ्या, म्हणून 'हाफ ब्रदर' असे उत्तर येते. बाजीराव आणि मस्तानी यांच्या जोडीचा प्रकार विवाहित, अविवाहित की अज्ञात लिहावा, हा ज्याच्या त्याच्या अभ्यासाचा आणि पुराव्याचा प्रश्न आहे. त्या रकान्यात काहीही लिहिले तरी शमशेरबहाद्दरांचे वडिलांशी असलेले रक्ताचे नाते बदलत नाही. मस्तानीच्या मृत्यूनंतर शमशेरबहाद्दर पेशव्यांच्या घरात वाढले, म्हणून त्यांना काशीबाईंच्या कुटुंब-नोंदीतही टाकावे, असे काहींना वाटेल. तसे केले आणि दुव्याचा प्रकार 'जन्माने' असाच राहिला, तर सॉफ्टवेअर त्यांना नानासाहेबांचे सख्खे भाऊ ठरवील. सावत्र आई ही वडिलांच्या दुसऱ्या जोडीवरून आपोआप कळते. त्यासाठी मुलाला दुसऱ्या कुटुंबात जोडण्याची गरज नसते. पालनपोषणाची माहिती टिपणात लिहावी.

मुलाला जबाबदारीने दुसऱ्या कुटुंबात जोडायचेच असेल, तर ग्रॅम्प्समध्ये वडिलांशी असलेल्या नात्याचा आणि आईशी असलेल्या नात्याचा प्रकार वेगवेगळा निवडता येतो: जन्माने, दत्तक, सावत्र, पालनपोषणापुरते, अज्ञात. ही सोय फार उपयोगाची आहे. पुनर्विवाह केलेल्या आईचे मूल तिच्या नव्या पतीच्या घरी आले असेल, तर आईपुढे 'जन्माने' आणि पतीपुढे 'सावत्र' असे भरता येते. गेडकॉमच्या ५.५.१ या आवृत्तीत मात्र जन्म, दत्तक आणि पालनपोषण असे प्रकार आहेत, 'सावत्र' नाही. त्यामुळे फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेल्यावर अशा नोंदी एकदा डोळ्यांखालून घालाव्यात.

जुन्या वंशावळींतून माहिती भरताना आणखी एक खाचखळगा आहे. कुलवृत्तांतांत आणि भाटांच्या वह्यांत बहुधा वडिलांचेच नाव असते, आईचे नसते. एकाच वडिलांची पाच मुले आई रिकामी ठेवून एका कुटुंबात घातली, की सॉफ्टवेअर त्या सर्वांना एकाच कुटुंबातली, म्हणजे सख्खी भावंडे धरते. दोन लग्ने झाल्याची नुसती कुणकुण असली तरी टिपणात तसे नोंदवून ठेवावे, म्हणजे सख्खेपणाचे ते उत्तर पुराव्याविना आलेले आहे हे पुढच्या वाचकाला कळेल.

दत्तकाची नोंद करताना दोन्ही घराणी जपावीत. रघुनाथरावांनी अमृतरावांना दत्तक घेतले, आणि दुसऱ्या बाजीरावांचा जन्म त्यानंतरचा. दुसऱ्या बाजीरावांनीही पुढे १८२७ मध्ये धोंडोपंतांना, म्हणजे १८५७ च्या उठावातल्या नानासाहेबांना, दत्तक घेतले. अशा व्यक्तीला जन्मदात्या कुटुंबात 'जन्माने' आणि दत्तक कुटुंबात 'दत्तक' असे दोनदा जोडावे. मग सॉफ्टवेअर रक्ताचा मार्ग आणि दत्तकाचा मार्ग वेगळे ठेवू शकते. हा भेद किती मोलाचा ठरू शकतो हे त्याच नानासाहेबांच्या बाबतीत दिसले: १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर कंपनी सरकारने आठ लाख रुपयांचे वार्षिक निवृत्तिवेतन दत्तक पुत्राला चालू ठेवण्यास नकार दिला. आजच्या कुटुंबांसाठी १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा लागू होतो. त्यानुसार दत्तकाच्या दिवसापासून मूल दत्तक कुटुंबाचेच मानले जाते, पण जन्माच्या कुटुंबात ज्या व्यक्तीशी लग्न करता आले नसते तिच्याशी दत्तकानंतरही करता येत नाही. जन्माचा दुवा पुसून टाकणाऱ्या वंशावळीत हे तपासायला काहीच उरत नाही.

लग्नाने जुळणारी नाती

लग्नाच्या नात्यात सॉफ्टवेअर रक्ताच्या मार्गाला जोडीचा दुवा टाचते, आणि तो कोठे टाचला यावर सारे अवलंबून असते. मार्गाच्या सुरुवातीला लग्न असेल, तर आपल्या जोडीदाराचे रक्ताचे नातेवाईक मिळतात: काशीबाईंना चिमाजी अप्पा दीर आणि अनुबाई नणंद. शेवटी लग्न असेल, तर आपल्या रक्ताच्या नातेवाइकाचा जोडीदार मिळतो: बाजीरावांना अनुबाईंचे पती व्यंकटराव घोरपडे मेहुणे, काशीबाईंना गंगाबाई नातसून. दोन्ही टोकांना लग्न असेल, तर जाऊ आणि साडू ही नाती येतात. गोपिकाबाई आणि आनंदीबाई जावा. गोपिकाबाई आणि सदाशिवरावांच्या पत्नी पार्वतीबाई चुलत जावा. भिऊबाईंचे पती आबाजी जोशी आणि अनुबाईंचे पती व्यंकटराव हे साडू.

इंग्रजी उत्तर इथे फारच तोकडे पडते. दीर, बायकोचा भाऊ, बहिणीचा नवरा या सर्वांसाठी 'ब्रदर-इन-लॉ' एवढाच शिक्का उमटतो. मराठीतही बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा या दोघांना मेहुणाच म्हणतात, म्हणून नानासाहेबांचे मेहुणे मल्हारराव रास्ते आणि बाजीरावांचे मेहुणे व्यंकटराव घोरपडे यांच्यातला फरक मराठी नावातूनही कळत नाही. अशा ठिकाणी टिपणात 'पत्नीचे बंधू' किंवा 'भगिनीचे पती' असे सरळ लिहावे.

काकू आणि आत्या यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. दोघींपुढेही 'आंट' असे उत्तर येऊ शकते, परंतु आत्या रक्ताची आणि काकू लग्नाची. कोणते सॉफ्टवेअर हा भेद दाखवते आणि कोणते झाकते, हे सुरुवातीलाच माहीत असलेल्या एका काकूवर तपासून घ्यावे. आनुवंशिक आजारांची माहिती किंवा जनुकचाचणीचे निष्कर्ष वंशावळीशी ताडून पाहणाऱ्याला रक्ताचा आणि लग्नाचा मार्ग अशा रीतीने मिसळून चालत नाही.

व्याही आणि विहीण ही नाती मात्र या साच्याबाहेर जातात. पहिले बाजीराव आणि गोपिकाबाईंचे वडील भिकाजी रास्ते हे व्याही. यांच्यातला मार्ग बाजीरावांपासून मुलाकडे, मुलापासून सुनेकडे आणि सुनेपासून तिच्या वडिलांकडे जातो, म्हणजे लग्न मधोमध येते आणि दोन्ही बाजूंना रक्त. इंग्रजीत याला रूढ नाव नाही, आणि टोकांनाच लग्न शोधणारे साधन 'नाते सापडले नाही' असे सांगून मोकळे होते. आपल्याकडे लग्नाच्या याद्या या नात्यावाचून पुऱ्या होत नाहीत! अशा वेळी नाव विचारण्याऐवजी मार्ग विचारावा. ग्रॅम्प्ससाठी डीप कनेक्शन्स नावाचे जोड-साधन मिळते, ते कितीही वळणे घेऊन दोन व्यक्तींमधला मार्ग दाखवते. विकिट्री या संकेतस्थळावर तर दोन वेगळी साधनेच आहेत: एक सामाईक पूर्वज शोधते, दुसरे लग्नाचे दुवेही धरून जोडणी शोधते. पहिल्याने नकार दिला म्हणजे संबंधच नाही, असे समजू नये.

एकाच दोघांत दोन नाती

महाराष्ट्रातल्या वंशावळींत एकाच दोन व्यक्तींमध्ये दोन नाती असणे अगदी नेहमीचे आहे, आणि एकच उत्तर दाखवणाऱ्या साधनात त्यांतले एक दिसेनासे होते. साटेलोटे हे याचे ठळक उदाहरण. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई या पिलाजी शिर्के यांच्या कन्या. येसूबाईंचे बंधू गणोजी शिर्के यांचा विवाह शिवाजी महाराज आणि सगुणाबाई यांच्या कन्या राजकुंवरबाई यांच्याशी झाला. त्यामुळे गणोजी हे संभाजी महाराजांच्या पत्नीचे बंधू आणि सावत्र भगिनीचे पती, असे दोन्ही बाजूंनी मेहुणे. सॉफ्टवेअरच्या उत्तरात हे दुहेरीपण दिसत नसेल, तर सर्व नाती दाखवणारा अहवाल मागावा. ग्रॅम्प्समध्ये मूळ व्यक्तीशी असलेल्या नात्यांचा झटपट अहवाल आहे, तो रक्ताचे आणि लग्नाचे मार्ग वेगवेगळे मांडतो.

मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात हीच गोष्ट अधिक दडून राहते. 'पत्नी' हे उत्तर मिळाले की पुढचे कोणी विचारत नाही, आणि ती मामेबहीणही आहे हे पडद्यावर येत नाही. पूर्वजांच्या तक्त्यात मात्र ते लगेच उघड होते: अशा जोडप्याच्या मुलाला पणजोबा-पणजी मिळून आठ असायला हवेत, तिथे वेगवेगळ्या व्यक्ती सहाच निघतात. दोन जागी तीच नावे पाहून ती दुबार नोंद समजून पुसू नये.

कायद्यातली मोजणी

वंशावळीतले आकडे कायदेशीर कामासाठी वापरताना एका पायरीची गफलत हमखास होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नाते, म्हणजे ज्यात एरवी लग्न करता येत नाही ते रक्ताचे जवळचे नाते, वडिलांकडून वर पाचव्या पिढीपर्यंत आणि आईकडून तिसऱ्या पिढीपर्यंत धरले आहे, परंतु त्यात स्वतः ती व्यक्ती पहिली पिढी म्हणून मोजली जाते. सॉफ्टवेअर स्वतःला शून्य धरते. म्हणून कायद्यातली पाचवी पिढी म्हणजे सॉफ्टवेअरच्या चार पायऱ्या, आणि तिसरी म्हणजे दोन. बहीण-भावांच्या, दोन भावांच्या किंवा दोन बहिणींच्या मुलांमधला विवाह याच कायद्यात निषिद्ध नात्यांत मोडतो, पण रूढी असेल तिथे अपवाद आहे. मामाच्या मुलीशी होणारे विवाह त्या अपवादात बसतात. १९५६ च्या वारसा कायद्यात पूर्णपणे पुरुषांमधून जोडलेले नातेवाईक आणि तसे नसलेले नातेवाईक वेगळे धरले आहेत. मार्गात कोठेही आईची पायरी आली आहे का, एवढे पाहिले की हा भेद कळतो: नानासाहेबांच्या दृष्टीने अनुबाई पहिल्या गटात येतात, त्यांचे पुत्र नारायणराव घोरपडे दुसऱ्या.

नाते निघतच नसेल तर

जिथे नाते आहे हे आपल्याला पक्के माहीत आहे आणि सॉफ्टवेअर नाही म्हणते, तिथे सर्वप्रथम त्या मार्गातल्या स्त्रिया तपासाव्यात. लग्नानंतर आडनावाबरोबर नावही बदलण्याची पद्धत असल्यामुळे एकच स्त्री माहेरच्या वंशावळीत एका नावाने आणि सासरच्या वंशावळीत दुसऱ्या नावाने, अशी दोनदा भरली जाते. येसूबाईंचेच माहेरचे नाव जिवूबाई. दोन नोंदी वेगळ्या राहिल्या की दोन घराण्यांमधला एकमेव पूल तुटतो आणि मामा, मावशी, आजोळ सारेच नाहीसे होते. अशा नोंदी एकत्र कराव्यात आणि दुसरे नाव पर्यायी नाव म्हणून ठेवावे. ग्रॅम्प्समध्ये एका व्यक्तीला कितीही पर्यायी नावे देता येतात.

त्यानंतर मार्गातल्या प्रत्येकाचे लिंग भरले आहे का ते पाहावे, कारण ते अज्ञात असेल तर मार्ग सापडूनही उत्तर मोघम येते. दूरच्या शाखांच्या बाबतीत सॉफ्टवेअर किती पिढ्या वर शोधते ही मर्यादाही तपासावी; ग्रॅम्प्समध्ये ती पसंतीच्या खिडकीत बदलता येते, मात्र ती उगाच फार वाढवली तर मोठ्या वंशावळीत उत्तर यायला वेळ लागतो. एवढे करूनही नाते निघाले नाही, तर दोन्ही व्यक्तींचे पूर्वजांचे तक्ते छापून घ्यावेत, एकमेकांशेजारी ठेवावेत आणि जिथे पहिली रिकामी चौकट दिसते तिथून कागदपत्रांचा शोध पुन्हा सुरू करावा.